उगवतीचा कोपरा

राघो ऊस पेटवायचा. तोडणी सुरू होण्याआधी उभ्या फडाला आग लावायची, म्हणजे पाचट जळून जातं, सापकिरडू निघून जातं आणि तोडणाऱ्याच्या हाताला नुसती काळी कांडी लागते. सुरतेच्या आजूबाजूला तेव्हा सगळीकडे हीच पद्धत होती. ऊस जळत नाही, त्याच्यात पाणी असतं. पाला तेवढा जळतो. पण जळलेला ऊस पडून राहिला तर आंबतो, म्हणून फड पेटला की ट्रकवाल्यापासून सगळ्यांची घाई सुरू व्हायची.

मी त्या वेळी एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून होतो. भेस्तानला एक खोली होती. सकाळी सायकलवरून फडावर जायचं आणि पावती लिहायची. फड कोणाचा, कोयते किती, पेटवला किती वाजता, ट्रक भरला किती वाजता. त्याच्यापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. राघोबद्दल नीट लिहिता येईल असंही वाटत नाही, पण मी तिथे होतो, म्हणून लिहितो.

कोयते म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, दोघं मिळून ट्रक भरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. पावतीवरही तोच रकाना होता. किसन मुकादमाच्या टोळीत बारा कोयते होते, सगळे साक्री तालुक्यातले, घरी अहिराणी बोलणारे. डिंडोलीच्या रेल्वे फाटकापलीकडे मोकळ्या जागेत त्यांच्या खोपट्या असत. राघो आणि त्याची बायको शोभाबाई हा त्यातला एक कोयता. त्यांची मुलगी सोनाली डिंडोलीतच दिलेली होती. जावई मागावर कामाला होता.

पेटवायचं काम राघोकडे कोणी दिलं नव्हतं, ते त्याच्याकडे आलं. बाकीचे आग लावायचे, तो पेटवायचा, एवढा फरक होता. सकाळी दव उडेपर्यंत तो कशाला हात लावत नसे. मग थोडं पाचट मुठीत घेऊन चुरगाळायचा. कुरकुर वाजलं तर ठीक, मऊ लागलं तर बसून राहायचा. वारा बघायला त्याच्याकडे एक काठी होती. तिच्या टोकाला जावयाच्या कारखान्यातला आर्ट सिल्कचा धागा बांधलेला. झाडाचं पान हलायच्या आधी तो धागा हलतो. आमच्या भागात सकाळी वारा उगवतीकडून येतो, डांगाच्या बाजूने. अकराच्या पुढे तो पडतो, आणि दुपारी समुद्राकडून उलटा सुरू होतो. मधला जो तास असतो त्याचा भरवसा नसतो. त्या तासात राघो फड पेटवत नसे.

वारा ठरला की तो पाचटाची चूड वळायचा. हातभर लांब, मनगटाएवढी जाड, मध्ये दोन ठिकाणी पाचटाचीच गाठ. आधी वारा जिकडे जातो त्या मावळतीच्या बांधाला लावायची. तिथे आग वाऱ्याच्या तोंडावर चालते, हळूहळू, बैलासारखी. तिने आठदहा सऱ्या खाल्ल्या की शेजारच्याच्या फडात ठिणगी जायची भीती संपली. मग दोन्ही बाजूचे बांध, थोडे थोडे. उगवतीची बाजू सगळ्यात शेवटी. आणि त्या बाजूचा एक कोपरा अगदी शेवटपर्यंत सोडलेला. ससे, मुंगूस, कोल्हे, जे आत असेल ते त्या कोपऱ्यातून निघून जायचं. राघो तिथे उभा राहायचा. बराच वेळ काही आलं नाही की मग तो कोपरा पेटवायचा.

एकदा मी त्याला विचारलं होतं, "राघोभाऊ, टायर का नाही वापरत? ते पलीकडचे तारेला टायर बांधून पळत सुटतात. दहा मिनिटांत फड संपतो."

"टायर टपकतं, भाऊसाहेब. आपण पुढं, आग मागं. मागं काय लागलं ते दिसत नाही."

"आणि काकडा?"

"चिंधी कुठली मिळते इथं? सगळी पॉलिस्टर. तीबी टपकते." मग चूड दाखवून म्हणाला, "ही बरी. ही विझते."

"विझते ते बरं?"

"विझली की थांबावं लागतं. दुसरी पेटवेपर्यंत कान मोकळे राहतात."

हे बोलणं ब्याण्णवच्या डिसेंबरमधलं असेल. फेब्रुवारीत कारखान्याच्या वर्कशॉपने एक झारी बनवली.

झारी म्हणजे पत्र्याचा डबा, त्याला लांब तोटी आणि तोटीच्या तोंडाशी वात. आत डिझेल आणि थोडं रॉकेल. वात पेटवून डबा कलता केला की पेटते थेंब पडत जातात आणि माणूस चालेल तशी मागे आगीची रेघ उठते. शेतकी साहेब ती जीपमधून घेऊन आले. गोडादऱ्याच्या पलीकडे कॅनॉललगत तीन विघ्यांचा, म्हणजे पावणेदोन एकरांचा फड होता. आता तिथे सोसायट्या झाल्या आहेत.

"आ लो, राघोभाई," साहेब म्हणाले. "पांच मिनिटमां काम पूरुं."

राघोने काठी वर धरली. धागा कधी इकडे, कधी तिकडे. साडेदहा वाजून गेले होते.

"वारा ठरला नाही, साहेब."

"चारही बाजूंनी लावायची. मग वाऱ्याचं काय काम? आग आपोआप मध्ये ओढली जाते. बाहेर ठिणगी येत नाही. पुस्तकात आहे."

ते खोटं नव्हतं. चारही बाजूंनी लावली की आग मध्ये जाते आणि वर उठते, शेजारच्या फडाला धोका कमी. पाचटही स्वच्छ जळतं. राघोने झारी हातात घेऊन वजन बघितलं. तो नको म्हणाला असता तर दुसऱ्या कोणी घेतली असती.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, "मुकादम, कोयते किती?"

किसनने बांधावरून हाक दिली. एकेक नवरा हात वर करून बोलत गेला. अकरा झाले.

"माझा बारावा," राघो म्हणाला. झारी त्याच्या हातात होती.

मी पावतीवर लिहिलं : कोयते १२, सर्व बाहेर.

शोभाबाई वाढे आणायला गेली होती. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. फड पेटला की ते जळतात, म्हणून बायका आधीच जाऊन शेळ्यांसाठी एखादी मोळी तोडून आणत. आदल्या दिवशी ती शेजारच्या फडात गेली होती. त्या दिवशीही तिकडेच असेल असं राघोने धरलं. ती कॅनॉलच्या बाजूने याच फडात शिरली होती.

झारी विझत नाही. राघो चालत राहिला आणि त्याच्यामागे रेघ उठत गेली. सहा मिनिटांत चारही बांध जुळले. आवाज एवढा होता की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. टोळीतली प्रमिलाबाई नंतर म्हणाली, मला हाक ऐकू आली होती, पण मला वाटलं आगीचाच आवाज. मी काही ऐकलं नाही. मी पावतीवर वेळ लिहीत होतो.

ती फडाच्या मध्ये सापडली, जिथे चारही आगी मिळाल्या तिथे. पोलीस आले, पंचनामा झाला, अकस्मात मृत्यू अशी नोंद झाली. पावती मागितली, मी दिली. बारा कोयते होते, बाराही बाहेर होते. कागद बरोबर होता. संध्याकाळी ट्रक आला आणि तो ऊस भरला गेला. आंबला असता.

राघो रडल्याचं मी पाहिलं नाही. तो दिवसांना गावी गेला आणि चौदाव्या दिवशी परत आला. किसनने त्याला समजावलं, "हे बघ राघो, एकट्या माणसाचा कोयता होत नाही. मोळी कोण बांधणार तुझी? तू नुसतं पेटवायचं काम कर. मी साहेबांशी बोलतो."

"बरं," राघो म्हणाला.

अशा रीतीने ते काम पहिल्यांदा रीतसर त्याच्याकडे आलं. झारी त्याने आपल्या खोपटीत उलटी करून ठेवली. पुन्हा चूड वळायला लागला. शोभाबाईचा कोयता फडात सापडला होता. मूठ जळून गेली होती, पात्याला निळसर रंग आला होता. त्याला बाभळीची नवी मूठ बसवून तोच वापरू लागला. कोपरा सोडला की दहाबारा सऱ्या कच्च्या राहायच्या, पाचटासकट. तो उशिरा पेटवला तरी आग तिथे नीट धरत नसे. त्या सऱ्या कोणी तोडायच्या यावरून कटकट व्हायची. राघो त्या एकटाच तोडायचा आणि मोळ्याही स्वतःच बांधायचा.

आणि तो माणसं मोजायला लागला.

पहिल्या दिवशी कोणाला समजलंच नाही. मी किसनला कोयते विचारले, किसन अकरा म्हणायच्या बेतात होता, तोवर राघो बांधावरून चालत एकेकाच्या समोर जाऊन उभा राहिला. पुरुषांची नावं त्याला ठाऊक होती. बायकांपाशी आला तेव्हा अडला. चार वर्षं एका फडात तोडणाऱ्या बायका, पण ह्याची मंडळी, त्याची सून, अमक्याची आई, यापलीकडे नाव त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"तुझं नाव काय?" त्याने किसनच्या धाकट्या भावजयीला विचारलं.

ती पदर तोंडात धरून हसायला लागली. तिच्या शेजारची तिच्यापेक्षा जास्त.

"अय माय! माणसांपुढं नाव सांगू?" ती म्हणाली.

प्रमिलाबाई टोळीत सगळ्यात मोठी, पन्नाशीची. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सांग ना वं, काय झालं? माझ्या नवऱ्यानं तीस वर्षांत नाव घेतलं नाही माझं. ए, अगं, कुठं मेलीस, एवढीच माझी नावं. हा राघो तरी विचारतो." मग फडाकडे तोंड करून मोठ्याने ओरडली, "प्रमिला! मी बाहेर शे!"

अहिराणीत शे म्हणजे आहे. सगळे हसले. राघो हसला नाही, पण त्याने मान हलवली आणि पुढच्या बाईकडे गेला. अर्ध्या तासात सगळी नावं झाली. मग तो फडाकडे वळला.

"शोभा," तो म्हणाला. हाक मारली असं नाही. बाकीच्यांची नावं घेतली तसंच.

हसणं थांबलं. राघो चूड हातात घेऊन उभा होता. एक चूड जळून संपायला लागतो साधारण तेवढा वेळ तो उभा राहिला. मग खाली बसून काडी ओढली.

पुढच्या फडालाही तेच झालं. त्याच्या पुढच्यालाही. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, पण तेवीस नावं पाठ झाली, चोविसावं शेवटी. पुढच्या मोसमात कोणी गळालं, कोणी नवं आलं, नाव त्याप्रमाणे वगळलं किंवा घातलं जायचं. चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि त्या वर्षी निम्मी टोळी गावाहून आलीच नाही. तेव्हा अकरा नावं होती. बारावं तेच. बायका हळूहळू सरावल्या. राघो समोर यायच्या आधीच सांगून टाकायच्या. हसायच्या नाहीत. शेवटच्या नावाला सगळे खाली बघत उभे राहत.

माझ्या मनात यायचं की त्याला समजावून सांगावं. काय समजावणार ते ठरत नसे, म्हणून मी बोललो नाही.

एकदा प्रमिलाबाईला राहवलं नाही. पंच्याण्णवचा जानेवारी होता. राघोने शेवटचं नाव घेतलं आणि थांबला, तेव्हा ती मागून हळूच म्हणाली, "बाहेर शे, राघो. तीबी बाहेर शे. पेटव तू."

तिने ते चांगल्या मनाने केलं होतं. राघो वळला. त्याचा आवाज चढला नाही.

"आक्का, दुसऱ्याचं आपण सांगायचं नाही. मी सांगितलं होतं."

प्रमिलाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. राघो पुन्हा फडाकडे तोंड करून पहिल्यापासून उभा राहिला, तेवढाच वेळ. त्या दिवशी ट्रक पाऊण तास थांबला.

पाऊण तासाच्याच तक्रारी पुढे जात होत्या. कारखान्याला दिवसाला ठरावीक ऊस लागतो. इतर टोळ्या झारीने पेटवत होत्या, त्यांचे ट्रक रात्री नऊला गेटवर. किसनच्या टोळीचे साडेदहाला. शहाण्णवच्या जानेवारीत साहेबांनी किसनला जीपजवळ बोलावलं. मीही होतो.

"एक मरेली बाई माटे मारी ट्रक ऊभी रहे?" साहेब गुजरातीत म्हणाले. मेलेल्या बाईसाठी ट्रक खोळंबतो, हे त्यांना पटत नव्हतं. मग माझ्याकडे बघून हिंदीत, "आप लिखते क्या हो पावती में? कारण क्या लिखते हो?"

मी दव असं लिहीत होतो. तसं सांगितलं नाही.

साहेबांनी स्पष्ट केलं. उद्यापासून झारी, चारही बाजूंनी, कोयते मोजायचे आणि पेटवायचं. राघोला जमत नसेल तर दुसरा माणूस. दुसरा माणूस नसेल तर पुढच्या मोसमाला दुसरी टोळी.

किसन त्या संध्याकाळी राघोच्या खोपटीसमोर जाऊन बसला. मी सायकल घेऊन निघालो होतो, थांबलो.

"राघो, मी मुकादम आहे, पण मला वर साहेब आहे," किसन म्हणाला. "बावीस माणसांचा मोसम तुझ्या एका चुडीवर ठेवू का मी?"

"नको."

"मग झारी घेतोस?"

"नाही."

"अरे, नावं मनातल्या मनात घे ना! कोण अडवतं तुला?"

राघो कोयत्याची धार बघत होता. "मनात घेतली तर उत्तर कोण देईल?" तो म्हणाला. मग कोयता खाली ठेवून म्हणाला, "श्रीरंगला दे. त्याचे पाय चांगले आहेत."

श्रीरंग किसनचा मेहुणा, तिशीतला. त्या मोसमात पहिल्यांदा आला होता, बायको कमलला घेऊन. त्याने राघोला चार महिने पेटवताना पाहिलं होतं, तेवढंच. राघो आत गेला आणि उलटी ठेवलेली झारी घेऊन आला. तोटीवर कोळ्याचं जाळं होतं. ते त्याने बोटाने काढलं आणि झारी किसनसमोर ठेवली.

"ह्याच्यात डिझेल जास्त नको. निम्मं रॉकेल," तो म्हणाला. "नाहीतर वात काजळते."

दुसऱ्या दिवशी फड गोडादऱ्याचाच होता. कॅनॉलचा नाही, त्याच्या अलीकडचा. दोन बाजूंना नव्या चाळी उठल्या होत्या, मागांचा खटखटाट बांधापर्यंत येत होता. साहेबांची जीप आठ वाजता आली. ते खाली उतरले नाहीत, काच खाली करून बसले. राघो उगवतीच्या बांधावर एका टोकाला उकिडवा बसला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, आणि कोणी जायलाही सांगितलं नव्हतं. त्याची काठी त्याच्याशेजारी जमिनीत रोवलेली होती.

श्रीरंगने वात पेटवली.

"मुकादम, कोयते किती?" मी विचारलं. मला तेच विचारायला सांगितलं होतं.

"अकरा," किसन म्हणाला. कोणाकडे न बघता.

मी पेन टेकवलं. श्रीरंग बांधाकडे वळला, तेवढ्यात त्याच्या मागून बाईचा आवाज आला.

"कमल. मी बाहेर शे."

ती त्याचीच बायको होती. श्रीरंग थांबला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, फडाकडे बघत होती. नवऱ्याच्या पाठीमागे उभी राहून तिने एवढ्या माणसांत नाव सांगितलं होतं.

"प्रमिला. बाहेर शे."

मग तिसरी बोलली. मग चौथी. किसनची भावजय, जी पहिल्या दिवशी पदर तोंडात धरून हसली होती, तिने किसनसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, नाव सांगितलं. अकरा बायका झाल्या. मग पुरुष सुरू झाले. त्यांना वेळ लागला. पहिल्याने इकडेतिकडे बघितलं, मग खाकरून सांगितलं. जीपचा हॉर्न वाजला. एकविसावा किसन होता. त्यानेही सांगितलं, अगदी हळू. शेवटी श्रीरंगने, झारी हातात धरून, स्वतःचं नाव सांगितलं. बावीस झाले.

शेवटचं नाव कोणी घेतलं नाही. ते घेणारा बांधाच्या टोकाला बसला होता, आणि त्याचं तोंड फडाकडे होतं.

श्रीरंग हलला नाही. झारीच्या तोटीतून एक पेटता थेंब खाली पडला, त्याने पायाने विझवला. मागांची खटखट ऐकू येत होती. हॉर्न पुन्हा वाजला. मला वाटतं आम्ही सगळे तेवढाच वेळ उभे राहिलो जेवढा राघो उभा राहायचा. कोणी मोजला नव्हता, पण तीन वर्षांत तो सगळ्यांच्या अंगात बसला होता.

मग श्रीरंग बांधावरून चालत राघोपर्यंत गेला.

"नाना," तो म्हणाला, "कोपरा कुठला?"

राघोने काठीकडे बघितलं. धागा मावळतीकडे सरळ उडत होता. तो उठला, गुडघ्याला हात लावून, आणि जिथे बसला होता ती जागा दाखवली.

"हाच. मावळतीचा बांध आधी लाव. झारी खाली धर, उंच धरू नको. प्रत्येक वीस पावलांवर वात झाक."

"झाकू?"

"झाक. ऐक. मग पुढं जा."

श्रीरंगने तसं केलं. झारीने, पण वीस वीस पावलांनी. प्रत्येक वेळी पत्र्याचं झाकण तोटीवर घालून थांबत होता, मान वाकडी करून. साहेबांची जीप मधेच निघून गेली. राघो कोपऱ्यावर उभा होता. बरीच वाट पाहिली. दोन मुंगसं बाहेर पडली आणि कॅनॉलकडे पळाली. आणखी काही आलं नाही.

त्या पावतीवर मी कोयत्यांच्या रकान्यात बावीस लिहिलं आणि पुढे माणसं असा शब्द घातला. तिसऱ्या दिवशी पावती कारखान्यातून परत आली. रकाना चुकला आहे, दुरुस्त करावा, असा शेरा होता. मी खोडून अकरा केलं.

राघो त्या फडाच्या कच्च्या सऱ्या तोडून संपवल्यावर डिंडोलीला मुलीकडे राहायला गेला. जावयाने त्याला बॉबिन भरायच्या कामाला लावलं. किसनची टोळी मोसम संपेपर्यंत होती. मला मार्चमध्ये फडावरून काढून काट्यावर बसवलं, ट्रकचं वजन लिहायला. त्यानंतर मी कोणताही फड पेटताना पाहिला नाही. गेटमधून ऊस काळा होऊन येई, एवढंच.

दोन वर्षांनी डिंडोलीच्या बाजारात राघो दिसला. केसांत धाग्याची पांढरी कुसं अडकली होती. माझ्याकडे बघून ओळखायला त्याला वेळ लागला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मी सोनालीची चौकशी केली, त्याने माझ्या दुखऱ्या गुडघ्याची केली. बोलण्यासारखं संपलं, तरी तो गेला नाही.

"भाऊसाहेब, नावं घेतात का अजून?" त्याने विचारलं. "कोपरा सोडतात?"

मला माहीत नव्हतं. किसनची टोळी त्या वर्षी आली की नाही, हेही मला माहीत नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "सोडतात."

राघो माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्याचं आपण सांगायचं नाही, असं तो म्हणेल असं मला वाटलं. तो म्हणाला नाही. त्याने भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली, "बरं," म्हणाला आणि फाटकाच्या दिशेने चालू लागला.